फी भरली, पावती मिळाली, संबंध संपला?

परदेशी शिक्षणावरच्या एका व्याख्यानाला मध्यंतरी गेले होते. वक्ते नावाजलेले, व्यासंग मोठा, बोलणं ओघवतं. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण त्यांनी मांडलेलं मत त्यांच्या एकट्याचं नाही. लग्नाच्या पंगतीपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत ते सगळीकडे भेटतं. बोलता बोलता वक्ते अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळवेडावर घसरले आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. विद्यापीठ ज्ञानासाठी असतं, चेंडूच्या तमाशासाठी नाही. तिथले खेळाडू पैसे मोजून आणलेले असतात. त्यांच्यामागे धावणारे रिकामटेकडे. आणि या सगळ्यांत कीव कोणाची करावी, तर आपल्याच मुलांची. दोन वर्षं तिकडे एमएस करतात आणि केस पांढरे झाले तरी त्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून ‘आम्ही जिंकलो’ म्हणून नाचतात. अरे, तुम्ही फी भरली, त्यांनी पदवी दिली, व्यवहार पुरा झाला. आता त्या संघाचे तुम्ही कोण?

सभागृह मनापासून हसलं. मी हसले नाही. ज्यांची कीव केली जात होती त्यांतलीच मी एक आहे.

इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट गावचं पर्ड्यू हे माझं विद्यापीठ. तिथल्या बास्केटबॉल संघाचे सामने मी आज पुण्यात बसून, बहुतेक वेळा पहाटे उठून बघते, आणि त्याचा मला जराही संकोच वाटत नाही.

किरकोळ आक्षेप आधी बाजूला करते. वेळ वाया जातो म्हणे. रोज रात्री वाहिन्यांवरची भांडणं ऐकण्यात ज्यांचे दोन तास जातात त्यांनी हे मला सांगू नये. ही अमेरिकेची नक्कल आहे म्हणे. क्रिकेट काय सह्याद्रीत उगवलं होतं?

विद्यापीठानं खेळाच्या भानगडीत पडू नये, हे मात्र कोल्हापुरात जाऊन सांगा. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकलेले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, सरकारदरबारी दाद लागत नव्हती, तेव्हा त्या महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांना ज्ञानाची चाड नव्हती, असं म्हणायची कोणाची छाती आहे का?

खेळाडू विकत घेतलेले असतात, या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी झाकून ठेवत नाही. २०२१ पासून तिथल्या विद्यार्थी खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून पैसे मिळवता येतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. एका विद्यापीठाला वर्षाकाठी दोन कोटी डॉलरच्या आसपास देण्याची मुभा आहे. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालंय. पण त्याआधीही तिकिटांचा आणि टीव्हीचा पैसा धो धो येतच होता. प्रशिक्षक गब्बर होत होते आणि गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांच्या हाती शिष्यवृत्तीपलीकडे काही पडत नव्हतं. तेव्हा तो निर्मळ हौशी खेळ होता. आता ज्याचा घाम त्याला दाम मिळायला लागल्याबरोबर खेळ बाटला! हा कुठला न्याय?

शिवाय सगळेच उड्या मारत सुटत नाहीत. टोरंटोहून आलेला झॅक ईडी, सात फूट चार इंच उंचीचा, चारही वर्षं पर्ड्यूकडूनच खेळला. सोबतचे खेळाडू जाहिरातींवर कमावत असताना याचे हात बांधलेले होते, कारण तो एफ-१ व्हिसावर होता. तोच विद्यार्थ्यांचा व्हिसा, जो आपल्याकडून शिकायला जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या पासपोर्टात असतो आणि ज्याच्या नियमांच्या धास्तीनं आम्ही ग्रंथालयातल्या कामाचे आठवड्याचे वीस तास बोटांवर मोजत असू. २०२३ च्या वसंतात त्यानं एनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या निवडीसाठी नाव दिलं, मग मागे घेतलं आणि परत आला. विकाऊ म्हणून सरसकट शिक्का मारणाऱ्यांनी हा पोरगा कुठल्या खणात ठेवायचा ते सांगावं.

आता मूळ मुद्दा. व्यवहार संपला, संबंध संपला. हे वाक्य मला जितकं झोंबतं तितकं त्या व्याख्यानातलं दुसरं काहीच झोंबलं नाही, कारण हे फक्त खेळाबद्दल नाही. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय. एका जुन्या महाविद्यालयाच्या मैदानाचा निम्मा भाग वाहनतळासाठी डांबरी करायचं ठरलं तेव्हा आम्ही काही माजी विद्यार्थी विरोध करायला गेलो होतो. समोरच्या खुर्चीतून शांतपणे उत्तर आलं, तुम्ही पास होऊन गेलात ना, मग तुमचा काय संबंध? मैदानाच्या कडेला तेव्हा रोलर गंजत पडला होता आणि खेळपट्टीवर स्कूटर लावलेल्या होत्या. संबंध नाही म्हणणाऱ्यांना मैदान दिसत नाही, चौरस फूट दिसतात. विद्यापीठ हे दुकान आणि विद्यार्थी हे गिऱ्हाईक, हा हिशेब एकदा मान्य केला की पुढचं सगळं ओघानंच येतं. मग प्राध्यापकांनी तास संपल्यावर शंका का सोडवाव्यात? सिनियरनं ज्युनियरला जुन्या वह्या का द्याव्यात? वक्त्यांनी स्वतःच्या गुरूंचा उल्लेख करताना कानाच्या पाळीला हात लावला होता, तो तरी का? त्यांचीही फी कधीच फिटली होती.

पर्ड्यूत हास हॉल नावाची एक इमारत आहे. मुळात ती व्यायामशाळा, नाव मेमोरियल जिम्नेशियम. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी पर्ड्यूचा फुटबॉल संघ आणि त्याचे पाठीराखे खास रेल्वेगाडीनं इंडियानापोलिसला निघाले होते, इंडियाना विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यासाठी. शहराच्या तोंडाशी गाडी कोळशाच्या वाघिणींवर आदळली. सतरा जण गेले, त्यांतले चौदा खेळाडू. हॅरी लेस्ली नावाच्या खेळाडूला मेला समजून शवागारात नेलं होतं. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं की नाडी चालू आहे. तो वाचला आणि पुढे इंडियाना राज्याचा गव्हर्नर झाला. गेलेल्यांची आठवण म्हणून ही इमारत उभी राहिली, आणि तिच्या पायऱ्या सतरा आहेत. पुढे ती संगणकशास्त्र विभागाकडे गेली. म्हणजे नाशिक-साताऱ्याहून आलेली, एमएस करणारी किती तरी मुलं त्या सतरा पायऱ्या चढून वर्गात गेली असतील. त्या पायऱ्या चढताना एखाद्या मुलाला वाटलं की हे सतरा जण आपलेही कोणी लागतात, तर व्यवहारवादी वक्ते त्याला काय दाखवणार, फीची पावती?

आणि या नात्यात मिळतं काय, असं विचारणाऱ्यांना सांगते. आमच्या वाट्याला प्रामुख्यानं हार आली आहे. विद्यापीठांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत पर्ड्यू १९६९ साली अंतिम सामना हरलं. शेवटच्या चार संघांत १९८० साली पोचलं आणि त्यानंतर चार दशकं दाराशी जाऊन परतत राहिलं. २०१९ साली व्हर्जिनियाविरुद्ध सामना हातात होता. वेळ संपता संपता त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्ही गेलो. २०२२ साली सेंट पीटर्स नावाच्या छोट्याशा कॉलेजनं घरी पाठवलं. आणि मग १७ मार्च २०२३. पहिल्या मानांकनाचे आम्ही, समोर सोळाव्या मानांकनाचं फेअरली डिकिन्सन. त्यांचा संघ त्या वर्षी देशातल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी, आमच्याकडे ईडी. पुरुषांच्या स्पर्धेत असा उलटफेर त्याआधी एकदाच झाला होता. इथे पहाट होती. ६३-५८. ईडीच्या अंगाला दोन-दोन जण चिकटलेले, बाहेरून टाकलेले आमचे चेंडू रिंगवर आपटून परत येत होते, आणि ती बुटकी पोरं प्रत्येक चेंडूवर अशी तुटून पडत होती की त्यांचा राग करणंही जमत नव्हतं. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवरच्या आमच्या जुन्या रूममेटांच्या गटात कोणीही एक शब्द लिहिला नाही. व्यवहार असता तर आम्ही तिथल्या तिथे दुसरा संघ धरला असता. गिऱ्हाईक तेच करतं.

त्या हरलेल्या संघातली ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर ही दोन पोरं तेव्हा पहिल्या वर्षाला होती. सगळा देश हसत असताना ती तिथेच राहिली. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीनं ४० गुण केले, ७२-६६ असा सामना जिंकला आणि चव्वेचाळीस वर्षांनी पर्ड्यू शेवटच्या चारांत गेलं. अंतिम सामना तिथल्या ८ एप्रिलच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिलची सकाळ, आणि २०२४ साली त्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढी उभारून झाली होती. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून लॅपटॉप ठेवला होता, शेजारी ताटलीत कडुलिंब आणि साखरेची गाठी. चित्र मधेच अडकायचं आणि मी श्वास धरून उभी राहायची. सासूबाईंना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पुऱ्यांचं पीठ मळता मळता त्या विचारायच्या, “अगं, आपल्या उंच मुलाचे किती झाले?” ईडीचे ३७ झाले आणि आम्ही कनेटिकटकडून ७५-६० असे हरलो. सासूबाईंनी पर्ड्यू विद्यापीठ कधी पाहिलेलं नाही, त्यांनी कसली फी भरलेली नाही. तरी ‘आपल्या’ म्हणायला त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि श्रीखंड वाढताना त्यांचाही चेहरा पडलेला होता.

खंडन पुरे. मी मांडते आहे ते थोडकंच आहे, पण ते माझ्यापुरतं पक्कं आहे. मी वेस्ट लाफायेटला पोचले तेव्हा माझा उच्चार ऐकून दुकानदार दोनदा विचारायचे, वर्गात नाव चुकीचं घेतलं जायचं, आणि थंडीत गुदमरायला व्हायचं. पर्ड्यूचे बास्केटबॉलचे सामने होतात त्या मॅकी अरीनात चौदा हजारांहून जास्त माणसं बसतात, घुमटाखाली आवाज असा घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी मक्याची शेती करणारे एक म्हातारं जोडपं होतं. ‘बॉयलर अप’ अशी आरोळी उठली की उत्तर ‘हॅमर डाऊन’ द्यायचं, हे आजीबाईंनी मला कानाशी ओरडून शिकवलं. कुठून आलीस हे त्यांनी मध्यंतरापर्यंत विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा परत कधी येतेस हेही विचारलं. परक्या मुलीला गावात घेण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला त्या देशात दुसरा दिसला नाही.

राहता राहिले वक्त्यांचे ‘रिकामटेकडे’. टायलर ट्रेंट हा पर्ड्यूचा विद्यार्थी, हाडांच्या कर्करोगानं खंगत चाललेला. फुटबॉलमध्ये देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला पर्ड्यू हरवणार, असं त्यानं २०१८ साली सांगितलं आणि २० ऑक्टोबरच्या रात्री पर्ड्यूनं त्यांना ४९-२० असं खरोखर हरवलं. मैदानात त्याच्या नावाचा घोष झाला. १ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी तो गेला. पर्ड्यूच्या फुटबॉल स्टेडियममधल्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशद्वाराला आज त्याचं नाव आहे. तो खेळाडू नव्हता, फक्त चाहता होता. त्याला रिकामटेकडा म्हणा बघू.

माझं खरं दुःख आपल्याकडचं आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा. सुनील गावसकर त्यात मुंबई विद्यापीठाकडून खेळले. आज त्याचे सामने कुठे होतात हे त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला विचारा. ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात राज्यभरातल्या विद्यापीठांची मुलं धावतात, कबड्डी खेळतात, आणि बघायला प्रशिक्षक, पंच आणि पुढच्या सामन्याची वाट बघत बसलेले दुसरे संघ. ज्या पोरीनं गडचिरोलीहून दिवसभराचा प्रवास करून येऊन अंतिम फेरी गाठली, तिच्या चढाईला टाळ्या वाजवायला तिच्या विद्यापीठातलं कोणी नाही. वक्त्यांना अभिप्रेत असलेलं, चाहते नसलेलं विद्यापीठ आपल्याकडे तयारच आहे. त्यानं आपलं ज्ञान किती वाढलं, तेही त्यांनी एखाद्या व्याख्यानात सांगावं.

तोवर विद्यापीठांनी एवढं करावं. घरच्या मैदानावरच्या सामन्यांचं वेळापत्रक प्रवेशाच्या दिवशी मुलांच्या हातात द्यावं, त्या दुपारी प्रात्यक्षिकं ठेवू नयेत, माजी विद्यार्थ्यांना दहा रुपयांचं का होईना तिकीट विकावं, आणि मैदानाचं डांबर उखडून टाकावं. पहिल्या रांगेत मी येऊन बसते.