काचेची खोली की पडवी?

पावसाळा तोंडावर आला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये ड्रिल मशिनची घरघर सुरू होते. कुणी बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा बसवून घेतो, कुणी गच्चीवर पत्र्याची शेड टाकतो. यामागची गरज खरी आहे. वन-बीएचकेमध्ये आई-वडील, मुलगा-सून आणि दोन नातवंडे राहत असतील, तर दहा फूट लांब आणि चार फूट रुंद बाल्कनीही मोलाची वाटते. मुंबईत परवडत नाही म्हणून इथवर आलेल्या कुटुंबाला आणखी एक खोली विकत घेणे जमत नाही. मग ती खोली बाल्कनीतून निघते.

पण बाल्कनीची खोली करताना चर्चा होते ती काचेचा रंग, ॲल्युमिनियमचा गेज आणि चौरस फुटाचा दर यांची. त्या खोलीत कोण झोपणार, हे कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत ते आधीच ठरलेले असते. आजी किंवा आजोबा, बारावीला बसलेले मूल, नाहीतर घरातला आजारी माणूस. म्हणजे उष्णता आणि कोंदट हवा सर्वांत कमी सोसणाऱ्या माणसाच्या वाट्याला घरातली सर्वांत तापणारी जागा येते. हा प्रश्न सजावटीइतकाच आरोग्याचा आहे.

मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी घरांच्या चित्रांनी या हौसेत भर घातली आहे. तिथे घराला जोडलेल्या अशा खोल्यांचे दोन प्रकार दिसतात. ‘कन्झर्व्हेटरी’ला भिंती काचेच्या आणि छपरही बहुतांशी काचेचे असते. ‘ऑरेंजरी’त पक्के खांब, मोठ्या खिडक्या आणि बरेचसे पक्के छत असते. दोन्हींचा जन्म थंड प्रदेशातला. युरोपच्या हिवाळ्यात संत्र्या-लिंबाची झाडे गारठून मरू नयेत म्हणून ऑरेंजरी बांधल्या गेल्या. फ्रान्समध्ये व्हर्साय राजवाड्याची प्रसिद्ध ऑरेंजरी सतराव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. ऊन आत घ्यायचे आणि ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हे या खोल्यांचे काम.

आपल्याकडे नेमके उलटे हवे असते. बदलापूर-अंबरनाथचा उन्हाळा समुद्राकाठच्या मुंबईपेक्षा कडक असतो. इथे पारा चाळिशीपार गेल्याचे रहिवाशांनी अनेकदा अनुभवले आहे. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो आणि फरशी, भिंती, गादी तापवतो. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र काच सहजी बाहेर जाऊ देत नाही आणि बंद खिडक्यांमुळे गरम हवाही आतच कोंडते. बाल्कनीचे तोंड पश्चिमेला असेल तर दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ही भट्टी चालू राहते. आतून पडदा लावल्याने फारसा फरक पडत नाही, कारण तोपर्यंत ऊन काच ओलांडून आत आलेले असते. ते काचेच्या बाहेरच अडवावे लागते. पत्र्याच्या शेडची गतही तीच. दिवसभर तापलेला पत्रा खाली झोपणाऱ्या माणसावर उष्णता फेकत राहतो.

शरीर स्वतःला गार ठेवते ते मुख्यतः घाम वाळवून. हवा दमट आणि कोंडलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. वयाबरोबर तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटू शकते. अशा गोळ्या मनाने बंद करू नयेत, उन्हाळ्यात डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. पंखा हा पुरता उपाय नव्हे. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा लावू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, कारण तेव्हा तो अंगावर गरम हवाच आणून सोडतो. अशा खोलीतला म्हातारा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झापड आली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर ‘झोपू दे, बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ला फोन करावा.

‘काचेतून भरपूर ऊन येते, हाडांना चांगले,’ असाही एक समज आहे. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते ‘यूव्ही-बी’ किरणांमुळे, आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेमागे बसून ऊब मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व नाही.

दुसरा मुद्दा हवेचा. कित्येक फ्लॅटमध्ये हॉलला हवा येण्याचा मार्ग बाल्कनी हाच असतो. तो बंद झाला की आतल्या खोल्याही कोंदट होतात. क्षयरोगाचे जंतू हवेतून पसरतात, त्यामुळे खेळती हवा हे स्वस्तातले संरक्षण आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडल्यावर तिथल्या खोल्यांतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत हे प्रमाण १२ होते. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. मुंबईच्या मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीतही एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या, उजेड आणि वारा न येणाऱ्या इमारतींत क्षयरोग अधिक आढळला.

बंद बाल्कनीत गॅस गिझर ठेवणे तर जिवाशी खेळ आहे. जळण्याला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते आणि माणूस बेशुद्ध पडतो. बाल्कनी उघडी असताना बसवलेला गिझर ती बंद करताना तिथून हलवायलाच हवा.

यावर इथला रहिवासी विचारील, ‘बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. औद्योगिक पट्ट्यातला रात्रीचा उग्र दर्प इथल्या लोकांच्या परिचयाचा आहे. वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांमुळे २०१४मध्ये उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. शिवाय पावसाची झड, कबुतरे, डास आणि लहान मूल पडण्याची भीती. खिडकी बंद करता आली पाहिजे, हे खरेच. पण ती पूर्ण उघडताही आली पाहिजे. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. डासांना आणि कबुतरांना जाळी पुरते, मुलांसाठी ग्रिल पुरते. त्या ग्रिलला आगीच्या वेळी आतून उघडणारे दार मात्र हवे.

म्हणून ‘कन्झर्व्हेटरी की ऑरेंजरी’ असे कोडे पडलेच, तर काचेच्या छपरापेक्षा पक्के छत बरे. पण त्याहून बरे उत्तर कोकणातल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या घरांत आहे. त्याचे नाव पडवी. वर उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण आणि एक बाजू वाऱ्याला मोकळी. ऊन आणि पाऊस बाहेर राहतात, हवा आत येते. फ्लॅटमध्ये याचा अर्थ असा: बाल्कनीवर बाहेरून छज्जा किंवा बांबूची चीक, कमरेपर्यंत कठडा, वर पूर्ण उघडणारी खिडकी आणि समोरासमोर हवा खेळायला आतल्या दारावर झडप. गच्चीवर शेड असेल तर पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि पत्रा व थर यांच्यामध्ये हवेला जागा. कोणतेही काम करण्यापूर्वी पालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा. २०२१च्या मे महिन्यात उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसे गेली, हे विसरून जुन्या बाल्कनीवर नवे वजन चढवू नये.

खोली आधीच तयार असेल तर एक सोपी परीक्षा आहे. भिंतीवर टांगायचे साधे तापमापक आणावे. मे महिन्यात दुपारी तीनला आणि रात्री दहाला त्या खोलीतला आणि हॉलमधला आकडा लिहून ठेवावा. चार दिवसांत चित्र स्पष्ट होते. रात्री दहाला बाल्कनीतला आकडा हॉलपेक्षा चढा असेल, तर आजीची गादी त्याच रात्री हॉलमध्ये आणावी. टीव्हीचा आवाज थोडा कमी करावा लागेल, एवढेच.