तिकडचा मिरग

संक्रांत झाली की आमच्या कॉलेजात परीक्षांची गडबड सुरू होते आणि माझ्या फोनवर एक वेगळाच प्रश्न सुरू होतो. परवा शहापूरच्या भाजी मंडईत एका ओळखीच्या काकूंनी मला थांबवले. त्यांची लेक कॅनडात असते. घरामागे जागा आहे, भाजी लावायची हौस आहे, पण गेल्या वर्षी लावलेले सगळे जळून गेले म्हणे. काकू म्हणाल्या, "तुम्ही भूगोल शिकवता, तुमचे दादाही तिकडेच आहेत. सांगा की, तिकडे बी केव्हा टाकायचं?"

काकूंना मंडईत उभ्या उभ्या काय सांगणार? "लिहून देते" म्हटले. मग वाटले, आपल्या बेळगावातल्या कितीतरी घरांतली मुले थंड मुलखात आहेत. तेव्हा सगळ्यांसाठीच लिहावे. आणि खरे सांगायचे तर हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलेले नाही. ते आमच्या घराने एका नुकसानीतून शिकलेले आहे.

माझा दादा अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ एका उपनगरात राहतो. वहिनी धारवाडच्या. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मेथीला मेथीही म्हणतात आणि मेंत्याही, वांग्याला बदनेकायीही. 2023 साली बाबा गेले. आई एकटी पडली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दादाने तिला तिकडे नेले. आईचे माहेर खानापूर तालुक्यातले, भातशेतीचे. तिला हात रिकामे ठेवायची सवय नाही. तिकडे बाहेर बर्फ, आत हीटर आणि खिडकीत बसलेली आई. फोनवर बोलायची ते दोन वाक्ये. "जेवलीस का?" आणि "ठेवते गे."

तिचे मन रमावे म्हणून दादाने टोमॅटो, मिरची आणि वांग्याचे बी आणले आणि फेब्रुवारीतच खिडकीत ट्रे मांडले. बी उगवले, आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलले. पण खिडकीतला उजेड अपुरा. रोपे उजेडाकडे माना करून लांबत गेली, दोऱ्यासारखी बारीक झाली. त्यातली निम्मी एका रात्रीत मुळाशी कुजून आडवी पडली. आपल्याकडे याला रोपे कोलमडणे म्हणतात. उरलेली टोमॅटोची रोपे आईने सांभाळली. त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला होता. बर्फ वितळलेला, ऊन कोवळे, अंगणात स्वेटरशिवाय फिरता येत होते. आई म्हणाली, "साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, आजच लावू या." लावली. आठ-दहा दिवसांनी एका निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी सगळी रोपे काळी पडून माना टाकून होती.

आईने ती उपटून एका टोपलीत भरली, कुणाला हात लावू दिला नाही. मला फोनवर एवढेच म्हणाली, "इथली माती मला ओळखत नाही बघ." मुदत संपायच्या आधीच ती परत आली आणि पुन्हा जाणार नाही म्हणून सांगून टाकले.

चूक आईच्या हाताची नव्हती. चूक पंचांगाची होती, म्हणजे कोणते पंचांग धरायचे याची. आपले सण चंद्रावर चालतात. म्हणून पाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2025 मध्ये 30 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला, असा पुढेमागे होतो. पण आपला शेतकरी पेरणी पाडव्यावर ठरवत नाही. तो मिरग बघतो. पावसाची नक्षत्रे सूर्यावर मोजतात, म्हणून मिरग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो. ऋतू सूर्याने होतात आणि पेरणी ऋतूवर चालते, हे आपल्या आजोबांना पक्के ठाऊक होते. हे मी आईला सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तिकडचा मिरग कुठला?"

हाच खरा प्रश्न. बेळगावला आपण पावसाची वाट बघतो. तिकडे थंडी जाण्याची वाट बघायची असते. त्या मुलखातल्या प्रत्येक गावाला वसंतातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीची एक सरासरी तारीख असते. मिनिआपोलिस शहरात ती एप्रिलच्या अखेरीस येते, उपनगरांत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबते. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. साधारण निम्म्या वर्षी त्या तारखेनंतरही एखादी रात्र गोठते. म्हणून तिथले जाणते लोक नवख्याला 15 मे धरायला सांगतात. हाच तिकडचा मिरग. शरदातली पहिली गोठवणारी रात्र तिथे ऑक्टोबरच्या सुमारास येते. म्हणजे हातात मिळतात जेमतेम साडेचार-पाच महिने. वांगी-मिरचीला बी टाकल्यापासून फळ धरेपर्यंत एवढा वेळ सहज लागतो, म्हणून त्यांचे बालपण घरात काढावे लागते.

त्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आई, मी आणि फोनवर दादा-वहिनी असे बसलो. आमची सकाळ, त्यांची आदली रात्र. टेबलावर 2025 चे कालनिर्णय. 15 मेच्या चौकोनात आईने लाल पेनाने गोल काढला आणि तिथून आम्ही मागे मोजायला लागलो.

मिरची आणि वांगी सर्वांत संथ. त्यांना घरात आठ ते दहा आठवडे हवेत, म्हणजे बी टाकायचे 6 ते 20 मार्चच्या दरम्यान. टोमॅटोला सहा ते आठ आठवडे पुरतात, म्हणजे 20 मार्च ते 3 एप्रिल. त्याहून आधी टाकले तर रोपे मोठी होत नाहीत, नुसती म्हातारी होतात. दादाने फेब्रुवारीत केलेली घाई ती हीच. कोबी-फ्लॉवर थोडी थंडी सोसतात, म्हणून त्यांचे बी मार्चच्या मध्यात टाकून रोपे एप्रिलअखेर बाहेर लावता येतात.

काही भाज्यांना मात्र घरातले बालपण नकोच. मटार, पालक आणि मुळा यांचे बी माती मोकळी झाली की एप्रिलच्या मध्यानंतर थेट वाफ्यात टाकावे. गाजर-मुळ्याचे मूळ हलवले की वाकडे होते, त्यांना उपटून लावू नये. मेथी आणि कोथिंबीर मेच्या सुरुवातीपासून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी टाकावी. एकदम टाकली तर उन्हाळ्यात सगळी एकदम फुलावर येते. घेवडा आणि काकडी 20 मेनंतर थेट जमिनीत. भेंडीला तर माती चांगली ऊब धरलेली लागते, म्हणून ती मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. आईने हे ऐकले आणि हसली. "म्हणजे भेंडी आपल्या मिरगालाच की!"

मार्चमध्ये ती पुन्हा गेली. पिशवीत कालनिर्णय होते, बी नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या आया पुडीत बी बांधून द्यायला बसलेल्याच असतात. अमेरिकेत परदेशातून बी न्यायचे तर कागदपत्रे लागतात, सामानात लपवून नेऊ नये. बी तिकडेच चांगले मिळते. मेथी तर वहिनींनी तिथल्या भारतीय दुकानातल्या डब्यातलीच पेरली आणि ती छान उगवली.

दुसऱ्या वर्षी काय काय बदलले ते सांगते. अंगणातली माती ट्रेमध्ये भरली नाही. बी लावायचे हलके, निर्जंतुक मिश्रण विकत आणले, म्हणजे रोपे कोलमडत नाहीत. पाणी वरून न ओतता ट्रेच्या तळाशी दिले आणि मिश्रण सतत चिंब ठेवले नाही. मिरचीच्या बियांना उगवताना पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते, म्हणून तो ट्रे फ्रिजच्या वर ठेवला. तरीही मिरची दोन आठवडे डोके वर काढत नाही, तेव्हा उकरून बघू नये. उगवल्यावर मात्र रोपांना ऊब कमी आणि उजेड जास्त हवा. दादाने साध्या एलईडी ट्यूब साखळीने टांगल्या, रोपांच्या डोक्यावर चार बोटे अंतर ठेवून. रोपे वाढली की ट्यूब वर घ्यायच्या. रोज चौदा ते सोळा तास उजेड आणि रात्री अंधार. या वेळी रोपे बुटकी आणि जाड देठाची झाली.

पहिली दोन पाने खरी नव्हेत, ती बियातली शिदोरी. त्यानंतर येतात ती खरी पाने. खऱ्या पानांच्या एक-दोन जोड्या आल्या की रोप मोठ्या कपात हलवायचे. टोमॅटो तर देठाचा बराच भाग मातीत पुरून लावावा, त्या देठाला मुळे फुटतात.

आणि मग आला तो टप्पा जो आईने कुणी न सांगता नीट केला. घरात वाढलेले रोप एकदम बाहेर लावले तर उन्हाने पांढरे पडते, वाऱ्याने मोडते. त्याला आठ-दहा दिवस बाहेरची सवय लावावी लागते. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, वारा चुकवून. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग सकाळचे ऊन. मग दिवसभर. पारा दहा अंशांखाली जायचा असेल तर पुन्हा घरात. आई म्हणाली, "बाळाला कोवळं ऊन दाखवतो ना, तसंच." नातवाला हाताशी घेऊन ती रोज ट्रे बाहेर काढी आणि संध्याकाळी आत घेई. वहिनी तिला कन्नडमध्ये चिडवत, "अत्ते, ससी बंदवा ओळगे?" म्हणजे, सासूबाई, रोपे आत आली का? आणि आई त्यांना कन्नडमध्येच उत्तर देई. बाबा गेल्यापासून घरात इतके बोलणे झाले नव्हते.

लावणी 22 मेला केली, ढगाळ दिवस बघून संध्याकाळी. त्याआधी दादाने बोटभर खोल थर्मामीटर खुपसून सकाळची माती तपासली होती. ती पंधरा-सोळा अंशांवर आली की टोमॅटोला चालते. वांगी-मिरची आणखी आठवडाभर थांबली. तारीख आली तरी माती गार असेल तर थांबायचे. कालनिर्णयातला गोल हा सल्ला असतो, शेवटचा निर्णय मातीचा. मेअखेर एका निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गारठा वाढला. अशाच रात्री धोका असतो, कारण ढगांचे पांघरूण नसले की जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. हे मी वर्गात वीस वर्षे शिकवते आहे. त्या रात्री आईने मावळतीच्या आधीच आपली जुनी सुती लुगडी वाफ्यावर पसरली. सकाळी काढली तेव्हा रोपे हिरवीगार होती.

पुढचे सगळे तिकडच्या लांबलचक दिवसांनी केले. जूनमध्ये तिथे दिवस साडेपंधरा तासांचा असतो. ऑगस्टमध्ये वांगी उतरली. पहिल्या तोडणीवरून सासू-सुनेत वाद झाला, भरली वांगी करायची की एण्णेगायी. दोन्ही झाली. फोटो मला आला.

सप्टेंबरमध्ये आई परत आली. पिशवीत ते कालनिर्णय होते. चौकोनाचौकोनांत तिच्या अक्षरातल्या नोंदी होत्या. मिरची टाकली. टोमॅटो उगवला. लुगडी घातली. बाबा गेल्यावर तिने कालनिर्णयाला हात लावला नव्हता, महिने मीच उलटत होते. दिवाळीनंतर एक दिवस ती नवीन कालनिर्णय घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "15 मे कुठल्या वाराला येतो बघ. मागं मोजू या."

तर काकू, तुमच्या लेकीला आधी तिच्या गावची तारीख विचारा. शेजाऱ्यांना ती ठाऊक असते. टोरांटोच्या बाजूला पुष्कळ लोक मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला रोपे लावतात. कॅल्गरीत थंडी मेअखेरपर्यंत रेंगाळते. तारीख कळली की गोल काढायला सांगा आणि मागे मोजायला लावा. आणि पहिल्या वर्षी सगळे नको. टोमॅटो, मेथी, घेवडा पुरे. पहिल्या वर्षी काही जळालेच तर तिला सांगा, आमच्याकडेही जळाले होते.