आग्रहाचे ताट

चतुर्थी जवळ आली की खडेबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या आनंदाच्या गर्दीत माझ्या पोटात मात्र निराळीच धास्ती सुरू होते. गेली आठ वर्षे मला मोठ्या आतड्याच्या दाहाचा विकार आहे. डॉक्टर त्याला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणतात. आतड्याचे आतले अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात. विकार काही महिने शांत असतो, मग अकस्मात उसळतो.

आम्हां कोंकणी मंडळींची चतुर्थी गोव्यातील मूळ घरी. चोर्ला घाटाची वळणे ओलांडताना मला देवापेक्षा शौचालयाचेच स्मरण अधिक होते. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु ज्याचा उच्चारच करावयाचा नाही, त्यावर उपाय कसा सुचावा? बस थांबवावी लागू नये म्हणून मी पूर्वी आदल्या दिवसापासून उपाशी राहत असे. तो वेडेपणा होता. आता बसमध्ये चढतानाच वाहकाला सांगून ठेवते. आजवर एकही वाहक हसलेला नाही.

खरी कसोटी पंगतीत. नेवऱ्या, पातोळ्या, खतखते! मी पेज मागितली की काकी म्हणे, “सणाला पेज? एका नेवरीने काय होते?” काय होते, ते मला रात्री कळे. दुसरा शेरा ठरलेला: “तू फार विचार करतेस, म्हणून पोट बिघडते.” यात सत्य अर्धेच आहे. मनावरील ताणाने त्रास बळावू शकतो. पण ताण हे या रोगाचे मूळ नव्हे. जठरातील व्रणांचे खापरही पूर्वी असेच काळजीवर आणि तिखटावर फोडले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन यांनी त्यामागील जंतू शोधला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर किती रोग्यांनी आपल्या स्वभावालाच बोल लावला असेल!

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आग्रह एकदाच करावा. ‘नको’ ऐकताच विषय बदलावा; कारण विचारू नये. रोग्यानेही भिडेखातर ताट संपवू नये, आणि सणाच्या धांदलीत औषध चुकवू नये. वर्गातून वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलाकडे मी पूर्वी संशयाने पाहत असे, हेही येथे कबूल करते.

यंदा काकीने न विचारता माझ्या पानाशेजारी पेजेची वाटी ठेवली. धाकट्या भाच्याने विचारले, “हिला नेवरी का नाही?”

“तिच्या आतड्यांना सोसत नाही,” काकी म्हणाली, आणि वाढत वाढत पुढल्या पानाकडे गेली.