हैदराबादचे कुत्रे आणि क्लोरोफॉर्म : एक थ्रेड

१८८८ साली हैदराबादमध्ये शंभराहून अधिक भटक्या कुत्र्यांना एकामागून एक क्लोरोफॉर्म हुंगवून मारण्यात आले. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय बंद पडल्यामुळे, एवढेच ठरवायचे होते. कुत्र्याला सुरक्षितपणे भूल कशी द्यावी, हा प्रश्न तेथे कोणाच्याही मनात नव्हता. तरीही कुत्र्यामांजरांच्या भुलीचा इतिहास सांगायचा तर आरंभ येथूनच करावा लागतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. तीन महिनेही उलटले नव्हते, तोच जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. तेव्हापासून दोन तट पडले. लंडनकर म्हणत, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकर म्हणत, नाडी सोडा, श्वास पाहा.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य होते आणि गुरुवाक्याला प्रमाण मानणारे होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशावर त्यांनी कमिशन नेमले आणि निष्कर्ष काढला: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामांनी त्या नियतकालिकाच्या प्रतिनिधीचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. १८८९ मध्ये थॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. या दुसऱ्या फेरीत कुत्रे, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून चारशेंहून अधिक प्राणी वापरले गेले. ब्रंटन आले होते हृदयाचा पक्ष घेऊन. परतले ते लॉरींचे मत मान्य करून. (पुढे जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या गेलेल्या रूपाबाई फर्दुनजी याच प्रयोगांत सहभागी होत्या. त्यांच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.)

एवढे प्राणी मारूनही निष्कर्ष अपुराच राहिला. हैदराबादेत औषधाची मात्रा वाढवत नेली जाई. अशा वेळी श्वास आधी थांबतो, हे खरेच आहे. पण हॅनासारखी माणसे भूल पुरती चढण्यापूर्वीच, भेदरलेल्या अवस्थेत, क्षणार्धात जात होती. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून याचा उलगडा केला. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना अॅड्रेनॅलिन टोचले किंवा प्राणी उत्तेजित झाला, की हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतेच थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. म्हणजे घातक ठरत होती ती अर्धवट भूल आणि तिच्या जोडीला भीती. लॉरींकडे प्राण्यांची वाण नव्हती. पण उत्तर आधीच ठरलेले असले की पाचशेवा कुत्राही नवे काही शिकवत नाही.

कायद्याचा प्रवास तर याहून विचित्र. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने प्रयोगशाळेतील प्राण्याला, अपवाद वगळता, भूल देणे बंधनकारक झाले. हा कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता, हे हैदराबादच्या संदर्भात ध्यानात ठेवावे. दवाखान्यात उपचारासाठी आणलेल्या प्राण्याला मात्र ठरावीक शस्त्रक्रियांपुरते असे संरक्षण मिळायला १९१९ उजाडावे लागले. दरम्यानच्या काळात लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील फ्रेडरिक हॉब्डे यांच्यासारखे थोडेजण कुत्र्यामांजरांना भूल देत राहिले आणि १९१५ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला. पुढे पेंटोबार्बिटल आले, श्वासनलिकेत नळी घालण्याचे तंत्र आले, क्लोरोफॉर्म मागे पडले.

पण नवे औषध आले आणि धोका टळला, असा सरळ हिशेब मांडणे चूक आहे. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमधील पशुदवाखान्यांत सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरे यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर मांजरांत ०.२४ टक्के निघाले. माणसांच्या तुलनेत हे कितीतरी अधिक आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती मृत्यूची वेळ. दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी आणि मांजरांपैकी सुमारे साठ टक्के शस्त्रक्रिया संपल्यानंतर गेली, तीही बहुतांश पहिल्या तीन तासांत. टाके पडलेले असतात, हात धुऊन झालेले असतात, सगळ्यांचे लक्ष पुढच्या प्राण्याकडे वळलेले असते, नेमक्या त्या वेळी. मांजराचा देह लहान, तो झपाट्याने गार पडतो. त्याची श्वासनलिका अरुंद आणि नाजूक. ज्या मांजरांच्या नाडीवर व रक्तातील प्राणवायूवर लक्ष ठेवले गेले, त्यांच्यात धोका कमी आढळला. श्वास की नाडी हा लॉरींचा वादच मुळात व्यर्थ होता. दोन्ही पाहायचे असते, आणि प्राणी मान उचलून स्वतःला सावरेपर्यंत पाहायचे असते.

भारतात भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने केले गेले. महापालिका बहुधा शस्त्रक्रियेमागे दर ठरवून हे काम संस्थांकडे सोपवतात. त्या दरात भूल, चाकू, टाके, लस यांची किंमत धरली जाते. शस्त्रक्रियेनंतरचे तीन तास पिंजऱ्यापाशी बसून श्वास मोजणाऱ्या, अंगावर गोणपाट टाकणाऱ्या, ओकारी आल्यास मान खाली करणाऱ्या माणसाची मजुरी त्यात निराळी मांडली गेली पाहिजे. कंत्राट देताना किती कुत्र्यांची नसबंदी झाली हे जसे विचारले जाते, तसेच त्यांतील किती शुद्धीवर आली हेही लेखी मागितले पाहिजे. लॉरींच्या कमिशनने निदान प्रत्येक कुत्र्याच्या मृत्यूची नोंद तरी ठेवली होती.