कमांडो म्हणजे फक्त बंदूक का?

वेशभूषा स्पर्धा आली की आमच्या भाईंदरच्या शाळेत तीन-चार तरी कमांडो येतातच. काळे कपडे, प्लास्टिकची बंदूक. "कमांडो काय करतो रे?" विचारलं की उत्तर एकच, "ढिशक्यांव!" दोष मुलांचा नाही. आपणही निबंधात २६/११, ताज हॉटेल आणि एनएसजी एवढंच लिहून देतो.

यंदा चौथीच्या वर्गात मी गडचिरोलीचं सी-६० पथक सांगितलं. १९९० साली तिथले पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी नक्षलवाद्यांशी लढायला साठ जवानांचं पथक उभं केलं, म्हणून हे नाव. जवान निवडले ते त्याच जिल्ह्यातले. जंगलाच्या वाटा पायाखालच्या, आणि गोंडी, माडिया या तिथल्या भाषा तोंडातल्या. परक्या पोलिसाशी बोलायला गावकरी बिचकतो, घरच्या बोलीत विचारलं की बोलतो. मोहिमेबरोबरच गावकऱ्यांना सरकारी योजना समजावणं हेही याच जवानांचं काम.

ऐकून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग आगरी बोललेलं चालतं?" मी गप्पच झाले. आदल्याच आठवड्यात मी त्याला "नीट बोल" म्हणून दटावलं होतं.

प्रमाण मराठी शिकवायचीच, त्याचाच तर पगार घेतो आपण! पण कमांडोच्या धड्यात भाषेचा मुद्दा आलाच पाहिजे, आणि वर्गात बोलीला हसणं आधी आपण बाईंनी-सरांनी थांबवावं. पालकांनीसुद्धा.

तो मुलगा पुढच्या वेळी सी-६०चा जवान होणार आहे. बंदूक मात्र हवीच म्हणतोय.