भुयारी रेल्वे आणि अजिंठ्याचा प्रवासी

अजिंठ्याचा सामान्य माणूस मुंबईला मौजेसाठी क्वचितच जातो. मंत्रालयात अडकलेली फाइल, मोठ्या रुग्णालयातील तपासणी, परदेशी मजुरीस निघालेल्या मुलाला विमानतळावर निरोप, ही त्याची कामे. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी रेल्वे पूर्ण झाली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, विधान भवन व विमानतळ एकाच मार्गावर आले. गाठोडे सावरीत सरकत्या जिन्यापाशी क्षणभर थबकणाऱ्या या पाहुण्याची गाडी खाली उतरल्यावर विनाखोळंबा निघते. ही सोय खरी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

खडक कोरण्याचे नवल अजिंठेकराला नाही. त्याच्या गावाजवळची लेणी याच दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. तेथे वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. छिन्नी चालविणाऱ्यांची नावे मात्र नाहीत. मुंबईच्या बोगद्यातील मजुरांची नावे तरी कोणाच्या स्मरणात राहणार आहेत?

प्रश्न आहे तो मालकीचा. 33.5 किलोमीटरच्या या मार्गाचा खर्च 37 हजार कोटी रुपयांवर गेला. त्यातील मोठा वाटा जपानी कर्जाचा असून ते फेडण्याची जबाबदारी अखेर जनतेवरच आहे. कारशेडसाठी 2019 मध्ये आरेची दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तीही जनतेचीच. मग या रेल्वेत शेतकरी आणि मजूर उपरा कसा? लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे 5 रुपये; येथे ते 10 पासून 70 रुपयांपर्यंत जाते. चौघांच्या कुटुंबाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास 280 रुपये पडतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे.

एसटीने 2022 मध्ये पंचाहत्तरीवरील वृद्धांना मोफत प्रवास दिला, 2023 मध्ये स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले. सार्वजनिक वाहतूक ही सामाजिक गरज आहे हे तत्त्व शासनानेच मान्य केले आहे. मग ते जमिनीखाली उतरताच का बदलावे? लोकल, बस आणि भुयारी रेल्वे यांचे भाडे एकत्र व सवलतीचे असावे. आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी प्रत्येक स्थानकावर मराठीत बोलणारा माणूस खिडकीत असावा.

आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. अजिंठ्यावरून जाणाऱ्या 174 किलोमीटरच्या जालना–जळगाव रेल्वेला ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी मिळाली. अंदाजित खर्च 7,106 कोटी, मुदत 2030-31. मुंबईच्या भुयाराच्या एका किलोमीटरच्या खर्चात या मार्गाचे पंचवीसहून अधिक किलोमीटर होतात. मुंबईच्या कामगाराला त्याची रेल्वे मिळाली, याचा आम्हांला आनंदच आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण तोवर अजिंठेकराने मुंबईची गाडी गाठण्यासाठी आधी साठ किलोमीटरवरचे जळगाव गाठायचे, ही स्थिती कायम राहता कामा नये. सिल्लोड, भोकरदन, सोयगावच्या कार्यकर्त्यांनी ही मुदत गावोगावच्या फळ्यावर लिहून ठेवावी आणि दरवर्षी तिचा जाब मागावा.