छायाचित्रकारानें कळफलक कसा निवडावा?

साधन उंची घेतलें म्हणजे काम आपोआप उंची होतें, हा समज फार जुना आहे. बोरू महाग असल्यानें अक्षर वळणदार होत नाहीं, हें जुन्या काळचे पंतोजी जाणत असत. परंतु नवें साधन निघालें कीं तोच समज नव्या वेषांत पुन्हां घरांत शिरतो. हल्लीं तो संगणकाच्या कळफलकाच्या रूपानें आला आहे. फोटो संगणकावर घेऊन त्याचे रंग, उजेड व डाग नीट करण्याचें काम ज्या विद्यार्थ्यांस शिकावयाचें असतें, त्यांपैकीं पुष्कळांची दृष्टि प्रथम रंगीबेरंगी दिव्यांच्या कळफलकावर जाते. पालकांस त्यांतील गुणदोष ठाऊक नसतात. ते मुलाच्या हट्टाखातर किंवा दुकानदाराच्या शब्दावर पैसे मोजून मोकळे होतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करावा, असें आम्हांस वाटतें.

विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. सिरोंचा हें प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळील तालुक्याचें गांव. जिल्ह्याचें ठिकाण येथून सुमारें दोनशें किलोमीटर दूर. घरीं राहून करतां येण्याजोगे धंदे अशा ठिकाणीं थोडेच असतात, आणि फोटोचें काम हा त्यांपैकीं एक आहे. लग्नाचे अल्बम, अर्जांसाठीं लागणारे लहान फोटो, आजोबा-आजींच्या जुन्या फाटक्या फोटोंची दुरुस्ती, या सर्वांस गिऱ्हाईक गांवांतच असतें. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत प्राणहितेचा पुष्कर-मेळा भरला, तेव्हां येथें यात्रेकरूंची केवढी गर्दी लोटली होती हें सर्वांस आठवत असेल. वडधम येथील जीवाश्म उद्यान तर आमच्या तालुक्याचें भूषणच आहे. जेथें असे प्रसंग घडतात व अशीं स्थळें आहेत, तेथें शिकलेल्या हातास कामाची वानवा पडूं नये. परंतु या साधनांत जो पैसा जातो, तो पुष्कळ घरीं वैशाखाच्या उन्हांत तेंदूचीं पानें तोडून मिळविलेला असतो. तो कोठें खर्चावा हें ठरवितांना म्हणूनच डोळस असावें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, फोटोच्या कामांत बहुतेकांचा उजवा हात माउसवर असतो आणि कळफलक चालवितो तो डावा हात. फोटोशॉप हा प्रोग्राम १९९० सालीं बाजारांत आला; गिंप नांवाचा दुसरा प्रोग्राम तर फुकट मिळतो. या दोहोंतहि निम्में काम कळांनीं होतें. कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबल्या कीं शेवटची कृति मागें घेतां येते. स्पेसबार दाबून धरला म्हणजे मोठें केलेलें चित्र, टेबलावरील कागद सरकवावा तसें, सरकवितां येतें. चौकोनी कंसांच्या दोन कळांनीं ब्रशाचें टोंक लहान-मोठें होतें. फोटोशॉपमध्यें बाणाच्या कळेनें चित्राचा तुकडा एक बिंदु हलतो, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली तर दहा बिंदु. नवरीच्या चेहऱ्यावरील एक लहानसा डाग काढावयाचा तरी या कळा पुनःपुन्हां लागतात. प्रत्येक वेळीं मान खालीं घालून कळ शोधावी लागली, तर डोळा चित्रावरून हटतो, काम लांबतें व मानहि दुखूं लागते.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, जो कळफलक न पाहतां चालवितां येतो तोच या कामास चांगला. मग तो दिसावयास कितीहि साधा असो. दुकानांत गेल्यावर मुलानें डोळे मिटून त्यावर हात ठेवावा. एफ व जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवरून बोटांस जागा कळते. तेथून डाव्या करंगळीस शिफ्ट व कंट्रोल, आणि अंगठ्यास ऑल्ट व स्पेसबार सहज सांपडतात कीं काय, तें पाहावें. कांहीं कळफलकांत डाव्या कोपऱ्यांतील कंट्रोलच्या जागीं एफएन नांवाची दुसरीच कळ बसविलेली असते. असा कळफलक या कामास घेऊं नये. अगदीं आखूड कळफलकांत बाणांच्या कळा वेगळ्या नसतात, तोहि गैरसोयीचाच. कळ दाबली गेल्याचें बोटास स्पष्ट कळावें. पण ती इतकी कठीण नसावी कीं तासाभरांत बोटें शिणावीं.

उजवीकडील आंकड्यांच्या कळांविषयीं दोन मतें आहेत. त्या नसल्या तर माउस जवळ येतो व खांद्यास ताण कमी पडतो, असें कोणी म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु गांवांतील फोटोच्या दुकानांत आंकडे फार लागतात. बारा इंच रुंद व छत्तीस इंच लांब अशा अल्बमच्या पानास, इंचास ३०० बिंदु धरिले, तर ३६०० व १०८०० हे आंकडे भरावे लागतात. अर्जाच्या फोटोस ३५ व ४५ मिलिमीटर. विंडोजमध्यें ऑल्टची कळ दाबून धरून याच भागावर ०१६९ हे आंकडे दाबले, तर स्वामित्वाचें चिन्ह उमटतें, आणि तें आपल्या फोटोच्या कोपऱ्यांत घालतां येतें. म्हणून नव्यानें शिकणाऱ्यानें पूर्ण लांबीचा कळफलक घ्यावा, असें आम्ही सुचवितों. ज्याचा खांदा दुखतो त्यानें आखूड घ्यावा व आंकड्यांचा लहान फलक वेगळा जोडावा. कोणताहि घेतला तरी मनगट सरळ राहील इतक्याच उंचीवर तो ठेवावा.

आतां त्या रंगीत दिव्यांविषयीं. खेळासाठीं ते कोणास आवडोत. फोटोच्या कामास ते अपायकारकच आहेत. डोळ्याचा रंगाविषयींचा निर्णय भोंवतालच्या प्रकाशावर अवलंबून असतो. पडद्याखालीं तांबडा-निळा उजेड खेळत असला, तर चेहऱ्याचा वर्ण खरा कोणता, याविषयीं डोळा फसतो, आणि छापून आलेला फोटो पाहिल्यावर ती फसगत ध्यानांत येते. अंधारांत कळा दिसाव्या म्हणून दिवे हवेच असतील, तर ते पांढरे व मंद करतां येणारे असावे.

तारेचा कळफलक घ्यावा कीं बिनतारी? आम्ही तारेचा म्हणूं. त्यास बॅटरी लागत नाहीं, आणि बिघडला तर तसाच दुसरा जवळच्या दुकानांत मिळण्याचा संभव अधिक. प्रत्येक कळेस स्वतंत्र यंत्र असलेला महाग कळफलक टिकाऊ असतो, हें खरें. जो दिवसभर टंकलेखन करितो त्यानें तो पुढें कमाईतून अवश्य घ्यावा. शिकाऊ मुलास त्याची निकड नाहीं. वांचलेला पैसा पडद्यावर खर्चावा. कारण खरे रंग दाखविण्याचें काम पडदा करितो, कळफलक नव्हे.

आमच्या गांवापुरती एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. येथें एकाच लग्नाच्या अल्बमांत मराठी व तेलुगू अशीं दोन्ही नांवें लिहावीं लागतात. त्यासाठीं दोन वेगळे कळफलक किंवा दोन निराळ्या मांडण्या शिकण्याचें कारण नाहीं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट नांवाची मांडणी तयार केली. १९८८ सालीं ती सुधारली व १९९१ सालीं भारतीय मानकांत तिचा समावेश झाला. तिच्यांत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे आहेत, आणि मुख्य अक्षरांच्या जागा सर्व भारतीय लिपींस सारख्याच आहेत. इंग्रजी के च्या कळेवर मराठींत ‘क’ येतो व तेलुगूंतहि ‘क’ च येतो. एल च्या कळेवर दोहींकडे ‘त’. जो एक लिपि शिकला त्याच्या बोटांस दुसरी बहुतेक आलीच. ही मांडणी संगणकांत विनामूल्य मिळते; अक्षरें छापलेला महाग कळफलक घेण्याची गरज नाहीं. मात्र नांव लिहून झाल्यावर भाषा पुन्हां इंग्रजीवर आणावी. कारण ज्या कंसाच्या कळेनें ब्रश लहान होतो, तीच कळ मराठी चालू असतां ‘ड’ ची होते.

कोणी म्हणेल, मुलास आवडीची वस्तु दिल्यानें त्याचा हुरूप वाढतो. तेथें इतका हिशेब कशास? हुरुपाची किंमत आम्हीहि जाणतों. परंतु दिव्यांनीं आलेला हुरूप महिनाभर टिकतो; पहिला नीट झालेला फोटो गिऱ्हाइकानें हंसून हातीं घेतला म्हणजे जो येतो, तो वर्षानुवर्षें टिकतो.

तरी पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाबरोबर दुकानांत स्वतः जावें, त्यास कळांवर हात ठेवावयास सांगावें, आणि अमुकच कां हवा, असें त्यास विचारावें. विद्यार्थिमित्रांनींहि या प्रश्नाचें उत्तर आपल्या हातास विचारून द्यावें, डोळ्यांस विचारून नव्हे. येत्या सुटींत एखाद्या घरीं जरी या रीतीनें खरेदी झाली, तरी आमचें लिहिणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.